पाऊण मीटरचं पाऊल

पडदा वर जातो तेव्हा रस्ता रिकामा आहे. पहाटेचे साडेपाच. दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच निळे पत्रे, पत्र्यांमागे अर्धवट उठलेल्या इमारती, आणि त्यांच्या माथ्यावर मान वाकवून झोपलेल्या क्रेन. मधे नुकतंच डांबर चढलेला काळाकुळकुळीत रस्ता. खांबांवरचे दिवे सगळे एकदम विझतात, विंगेतून कुणी खूण केल्यासारखे. आणि डावीकडून, चौकाच्या अंगाने, एक माणूस प्रवेश करतो.

शिडशिडीत बांधा, साठीला एक वर्ष कमी, अंगात दोन मापं मोठं केशरी जाकीट. हातात कमरेएवढी काठी, काठीच्या टोकाला सुतळीने बांधलेला खडू. माणूस पळत नाही, रेंगाळत नाही, नुसता चालतो. ओठ तेवढे हलतात. ठराविक पावलांनंतर काठी खाली येते, डांबरावर पांढरी फुली पडते, आणि चाल न मोडता तो पुढे सरकतो.

हे मोजपट्टीमामा. रस्तेखात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. नुसतं मामा म्हटलं तरी अख्ख्या खात्यात दुसरं कुणी मागे वळून बघत नसे. मामांचं पाऊल म्हणजे पाऊण मीटर. चार पावलं टाकली की तीन मीटर झाले, मग तुम्ही दोरी लावा नाहीतर यंत्र लावा.

हे पाऊल काही आईच्या पोटातून आलेलं नव्हतं. मामा नोकरीला लागले तेव्हाच्या म्हाताऱ्या मुकादमाने खात्याच्या आवारात पाऊण पाऊण मीटरवर विटा मांडल्या होत्या आणि त्यांना त्या विटांवरून महिनाभर येरझारा घालायला लावल्या होत्या. "टेप विसरता येते, चोरीला जाते, पावसात फुगते," मुकादम म्हणायचा. "पाय घरी विसरून येता येत नाहीत." महिन्याने विटा काढून घेतल्या, तरी पाऊल तिथंच पडत राहिलं. पुढे एका पुलाच्या कामात नकाशा आणि मामा यांच्यात चार मीटरचा फरक पडला. मोठे साहेब स्वतः टेप घेऊन उतरले, तर नकाशा चुकलेला निघाला. त्या दिवसापासून मामांच्या मागून कुणी टेप लावली नाही. सोनाराने टोचलेले कान पुन्हा कोण टोचतं?

घरात मात्र या पायांचं फारसं कौतुक नव्हतं. मामा उभ्याने चहा पीत, उभ्याने पेपर वाचत. घरात चार खुर्च्या होत्या, तीन झिजलेल्या आणि एक कोरी. पाहुणा आला की बायको ती कोरी खुर्ची पुढे करी आणि म्हणे, "बसा, ही ह्यांची आहे, म्हणजे कुणाचीच नाही." जेवतानाही हात धुवायच्या निमित्ताने मामा तीनदा उठत. "पायाला भिंगरी बांधून जन्माला आलात," ती म्हणे. "तुमच्याशी बोलायचं म्हणजे टेनिस बघितल्यासारखी मान हलवावी लागते."

तर असे हे मामा त्या बुधवारी पहाटे सायकलींची वाट आखत होते.

शहराचा मध्य दिसामाशी वाढत चालला होता. जुनी बैठी दुकानं पाडून वीस वीस मजले उठत होते, माणसं वाढली होती, गाड्या वाढल्या होत्या, आणि त्यांच्यामधून अंग चोरत सायकली जात होत्या. सायकलींसाठी पट्टा पूर्वीही होता. मामांच्याच टोळीने तो रंगवला होता, हिरवागार, कडेला पांढरी रेघ. दुसऱ्याच दिवशी त्यावर गाड्या उभ्या राहिल्या. रेघ ही काय वस्तू आहे, तिला घाबरतं कोण? म्हणून आता रेघेवर दगड बसणार होते. दगड म्हणजे काँक्रीटचे ठोकळे, दीड मीटर लांब, पोटरीच्या निम्म्याने उंच, लोखंडी खुंटीने जमिनीत ठोकलेले. एकदा बसले की बस चढत नाही आणि मोटार घुसत नाही. फक्त जिथं इमारतीचं दार किंवा उतार असेल तिथं तीन मीटर मोकळे सोडायचे. या मोकळ्या जागेला टोळीत फट म्हणत. चौकापासून नदीच्या पुलापर्यंतच्या सहाशे मीटरच्या वाटेवर अशा अकरा फटी होत्या.

अडचण एवढीच की दारं दिसत नव्हती. सगळं पत्र्यांमागे. चौकापासून कितव्या मीटरवर कुठली फट, हे नकाशात लिहिलेलं होतं आणि त्यावरच भिस्त होती. मोजणीचं यंत्र दुसऱ्या कामावर गेलेलं, ढकलत न्यायच्या चाकाचा आकडा अडकलेला. इंजिनिअर बाई म्हणाल्या, "मामा, तुम्ही चालून घ्या." वयाने मामांच्या मुलीएवढ्या होत्या, पण सहीच्या मालकीण होत्या. "सोमवारी ड्रिल लावू."

बुधवारी निम्मं अंतर झालं, गुरुवारी उरलेलं. आठशे पावलं म्हणजे सहाशे मीटर. आठशेव्या पावलाला मामांनी मान वर केली, तर पूल यायचाच होता. आणखी सत्तावीस पावलं टाकली तेव्हा पुलाचा कठडा हाताला लागला.

मामा तिथंच उभे राहिले. मागे बघितलं, पुढे बघितलं. मग गालातल्या गालात हसले.

"मॅडम," बाई आल्यावर ते म्हणाले, "नकाशा वीस मीटर कमी आहे."

"वीस? एवढा?"

"पुलाचा चढ धरलेला नसेल. हापिसात बसून रस्ता काढला की असंच व्हायचं."

बाईंनी नकाशाकडे पाहिलं, मग मामांच्या पायांकडे पाहिलं. पुलाची ती जुनी गोष्ट त्यांनीही ऐकलेली होती. त्यांनी वर पत्र धाडलं, नकाशात दुरुस्ती हवी, आणि चौदा दगड जास्तीचे मागवले.

शुक्रवारी संध्याकाळी बसमधून उतरून मामा घरी चालले होते. स्टॉपपासून घराच्या उंबऱ्यापर्यंत सहाशे चाळीस पावलं. मामा ती मोजायचे असं नाही. श्वास जसा आपोआप चालतो तसा आकडा आपोआप चालायचा आणि उंबऱ्यावर सहाशे चाळीसला थांबायचा. त्या दिवशी सहाशे चाळीस झाले तेव्हा ते शेजाऱ्याच्या फाटकासमोर होते. उंबरा आला सहाशे बासष्टला.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. गेले काही महिने आकडा थोडा पुढे सरकायचा, आणि मामा स्वतःला सांगायचे की लक्ष नव्हतं, कुणी हाक मारली, कुत्रं आडवं आलं. आज कुत्रं नव्हतं. मामा उंबऱ्यावरूनच परत फिरले, स्टॉपपर्यंत गेले आणि पुन्हा मोजत आले. सहाशे बासष्ट. तिसऱ्यांदा गेले तेव्हा स्टॉपवर बस उभी होती. त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "हा खांब हलवलाय का?"

"कुठला?"

"स्टॉपचा. मागे सरकवलाय का सोळा-सतरा मीटर?"

ड्रायव्हरने खिडकीतून खांब नीट बघितला, मग मामांना नीट बघितलं. "खांब तिथंच आहे, काका. तुम्हीच जरा हललेले दिसताय."

चौथ्यांदा उंबऱ्यावर पोहोचले तेव्हा बायको दारातच वाटाणे सोलत बसली होती. मघापासून ती हा खेळ बघत होती.

"काय शोधताय?"

"बावीस पावलं. रस्ता लांबलाय कुठंतरी."

"रस्ता लांबत नसतो हो," शेंग मोडत ती म्हणाली. "तुम्हीच आखूड झाला असाल."

तिने हे गमतीत म्हटलं होतं. पण मामा आत गेले नाहीत. चप्पल काढायला उचललेला पाय तसाच राहिला. सहाशे बासष्ट. आठशे सत्तावीस. पुलाचा कठडा. नकाशा वीस मीटर कमी.

रात्रीचं जेवण त्यांनी कसंबसं केलं. शनिवार गेला तो या खोलीतून त्या खोलीत. बायकोने दोनदा केर काढला आणि दोन्ही वेळा ते पायात आले. "सांगा तरी काय झालंय," ती म्हणाली. मामांनी सांगितलं नाही. सांगितलं की खरं होतं, ही त्यांची जुनी समजूत.

रविवारी सकाळी ते मेहुण्याकडे गेले.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, घड्याळं दुरुस्त करणारा. लहानपणीच्या तापात पाय गेले, ते परत आले नाहीत. हात मात्र असे की केसाएवढी स्प्रिंग श्वास न सोडता बसवी. हाताने फिरवायच्या तीनचाकी सायकलवर बसून तो चाळीस वर्षं याच रस्त्याने दुकानात जात होता, बसच्या आणि ट्रकच्या मधून. दोनदा आरसा तुटला, एकदा कोपर. जुनं दुकान पाडलं गेलं होतं. त्याच्या बदल्यात नव्या इमारतीत तळमजल्यावर, उताराच्या तोंडाशी, एक गाळा मिळाला होता, आणि पुढच्या आठवड्यात पत्रे उतरले की तो तिथं बसणार होता. सायकलवाटेचं काम निघाल्यापासून रोज एकदा तरी त्याचा मामांना फोन असे. "दाजी, माझा हमरस्ता कुठवर आला?"

आज दाजींना दारात बघून त्याने डोळ्यातलं भिंग कपाळावर सरकवलं. "या. बसा म्हणणार नाही, अपमान होईल."

"मीटरची पट्टी आहे का तुझ्याकडे?"

"आहे. का?"

"पाऊल मोजायचंय."

मेहुणा हसायचा थांबला. खोलीबाहेर लांब वऱ्हांडा होता, सपाट फरशीचा. मामांनी तळव्यांना खडूची भुकटी लावली आणि नेहमीसारखे चालले, दहा पावलं. मेहुण्याने तीनचाकीतून वाकून, फरशीवर पोलादी पट्टी सरकवत, एकेक ठसा मोजला.

"उजवा पुढे पडतो तेव्हा पंचाहत्तर," तो म्हणाला. "डावा पुढे पडतो तेव्हा सत्तर."

"पुन्हा मोज."

"पुन्हा चाला."

तीनदा चालले. पंचाहत्तर, सत्तर. पंचाहत्तर, सत्तर. दहा पावलांचे साडेसात मीटर व्हायला हवेत, ते सव्वासात होत होते. मामांनी भिंतीला हात टेकला. गेल्या वर्षी ते पाइपच्या खड्ड्यात पडले होते. डावा गुडघा सुजला, पंधरा दिवसांत उतरला, आणि तो बरा झाला असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. गुडघ्याला कुणी विचारलं नव्हतं.

"मागे पडणारं घड्याळ असंच असतं," मेहुणा हळू आवाजात म्हणाला. "त्याचं त्याला काहीच कळत नाही. टिकटिक तीच, डौल तोच. शेजारी दुसरं ठेवावं तेव्हा समजतं."

मामा मनात आकडे मांडत होते. "तुझा उतार तीनशे बाहत्तर मीटरवर. म्हणजे माझी चारशे शहाण्णव पावलं. ती पडली तीनशे साठवर."

"म्हणजे?"

"तुझी फट बारा मीटर अलीकडे गेली. तुझ्या दारात दगड येतो."

मेहुण्याने चित्र डोळ्यांसमोर आणलं. आपल्या हक्काच्या वाटेने झोकात यायचं, समोर गाळा दिसायचा आणि मधे काँक्रीट. फूटपाथ उंच, त्यावर तीनचाकी चढत नाही. अलीकडच्या फटीतून रस्त्यावर उतरायचं आणि समोरून येणाऱ्या बसच्या तोंडात बारा मीटर उलटं यायचं.

"उद्या सात वाजता ड्रिल," मामा म्हणाले. "सांगावं लागेल."

"मग सांगा."

"सांगितलं की रस्ता संपला माझा. पाऊल चुकलेला मोजणीवाला कोण ठेवतो? शेवटचं वर्ष स्टोअरमध्ये घालवायचं, खुर्चीवर, नटबोल्टांच्या राशीत. अरे, खुर्चीत बसवलं की मी मेलोच."

बोलून गेले आणि मग समोर कोण बसलंय ते त्यांना दिसलं. खोलीतली वीसेक घड्याळं तेवढी आपापल्या वेळेने वाजत राहिली.

मेहुण्याने भिंग पुन्हा डोळ्यावर घेतलं, पुसल्यासारखं केलं, परत वर सरकवलं. "मी काही अजून मेलेलो नाही, दाजी," तो म्हणाला. "पण तुमचं वेगळं. तुम्ही कधी बसून पाहिलंच नाही." मग म्हणाला, "एक करा. गप्प बसा. बारा मीटरचा तर प्रश्न आहे. मी उलटा येईन. चाळीस वर्षं बसला चुकवतोय, आणखी चार चुकवीन. तुम्ही तुमचं वर्ष चालून काढा."

"आणि बाकीच्या दहा फटी?"

"त्या माझ्या दारात नाहीत," मेहुणा म्हणाला. पण तो मामांकडे न बघता म्हणाला.

मामा घरी चालत आले. बस घेतली नाही. मोजायचं नाही असं ठरवून निघाले आणि पहिल्या खांबापर्यंतच बेचाळीस झाले.

सोमवारी पावणेसातला ते चौकात हजर होते. ड्रिलवाला आधीच येऊन पोहोचला होता, आडव्या अंगाचा, कानांवर आवाज अडवणारे भलेमोठे बोळे. त्याने पहिल्या फुलीवर यंत्र टेकवलं, तर फुलीवर मामांचा बूट.

"मामा, पाय काढा. पायाला भोक पाडायचं टेंडर निघालेलं नाही."

"थांब."

"काय?" त्याने एक बोळा उचलला.

"थांब म्हटलं. मॅडम येऊ देत."

"मॅडम येऊन काय करणार? फुल्या तुमच्या आहेत ना?"

"माझ्या आहेत, म्हणूनच."

ड्रिलवाल्याने खांदे उडवले आणि दगडांच्या ढिगावर बैठक मारली. मामा फुलीपासून ढिगापर्यंत आणि ढिगापासून फुलीपर्यंत चालत राहिले. बरोबर सात वाजता बाई स्कूटरवरून उतरल्या. हेल्मेट काढायच्या आतच मामांनी सांगून टाकलं.

"मॅडम, नकाशा बरोबर आहे. मी चुकलोय."

"कशात?"

"पावलात. डावं पाच सेंटिमीटर कमी पडतंय. सगळ्या फटी अलीकडे गेल्यात, शेवटची तर अठरा मीटर."

बाईंनी हेल्मेट काढून स्कूटरच्या सीटवर ठेवलं. "मामा, मी वर पत्र पाठवलंय. नकाशा चुकलाय म्हणून. तुमच्या पावलावर मी सही केलीय."

"म्हणून तर उभा आहे."

"कधीपासून कमी पडतंय?"

"खड्ड्यात पडलो तेव्हापासून असणार. वर्ष झालं."

"वर्ष?" बाईंचा आवाज बदलला. "मग वर्षभरात दुसरं काय काय मोजलंत?"

हा प्रश्न मामांनी रविवारभर स्वतःला विचारला होता. खिशातून घडी घातलेला कागद निघाला. शाळेपुढचं क्रॉसिंग, बस थांबायची एक खाच, बाजारातले सोळा खांब. "हे सगळं पुन्हा मोजून देतो. टेपने."

"तुम्ही टेपने?"

"शिकेन."

ड्रिलवाला ढिगावरून म्हणाला, "बघा, म्हातारपणी शाळा."

बाईंना हसू आलं, पण ते त्यांनी पूर्ण येऊ दिलं नाही. "तुम्ही बोलला नसता तर कुणाला कळलंही नसतं," त्या म्हणाल्या, "दगड बसेपर्यंत."

"दगड बसल्यावर पहिल्यांदा माझ्या मेहुण्यालाच कळलं असतं."

स्टोअरमधून पन्नास मीटरची टेप आली, पिवळी, कोरी करकरीत. तिचं शून्याचं टोक धरायचं म्हणजे जमिनीवर बसावं लागे. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मामा रस्त्यावर मांडी घालून बसले, टोक अंगठ्याखाली दाबून, आणि दुसऱ्या टोकाला बाई चालत गेल्या. पन्नास मीटर झाले की उठायचं, पुढे जायचं, पुन्हा बसायचं. जुन्या फुल्या मामांनी बुटाने पुसल्या. तीनशे बाहत्तरला पत्र्यांच्या सांध्यातून डोकावून पाहिलं. आत सिमेंटचा उतार होता, नेमका समोर. तिथं मामांनी दोन फुल्या काढल्या, वाजवीपेक्षा मोठ्या.

चौदा दगड परत गेले. बाईंना वरून काय ऐकून घ्यावं लागलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मामांसाठी मात्र पुढच्या एक तारखेचा हुकूम आला: स्टोअर.

स्टोअरमध्ये खुर्ची होती, फिरणारी. मामांनी ती पहिल्याच दिवशी दाराबाहेर ठेवली आणि खिळे, खुंट्या, रंगाचे डबे उभ्यानेच वाटायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी गुडघा बोलू लागला. चौथ्या दिवशी त्यांनी खुर्ची आत आणली, पाच मिनिटं बसले, उठले, मांडणीचा एक फेरा घेतला आणि पुन्हा बसले. संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. "कशी आहे खुर्ची?"

"चाकं आहेत तिला," मामा म्हणाले.

"मग सुटलात की," मेहुणा म्हणाला.

पत्रे उतरले त्या दिवशी मामांनी दुपारच्या सुट्टीत स्टोअरला कुलूप लावलं आणि थेट चौक गाठला. रस्ता ओळखू येत नव्हता. एका बाजूला काचांच्या इमारती, मधे गाड्यांची नेहमीची खेचाखेच, आणि दगडांच्या आड सायकलींची ओळ सरसर चाललेली. शाळेच्या मुली, डबेवाटपाची पोरं, कोट घातलेले बाबू. दगडांपलीकडे बस कितीही गुरगुरली तरी तिकडे कुणी बघत नव्हतं.

मेहुणा चौकात वाट बघत होता, तीनचाकी धुऊन पुसून, नवा आरसा लावून. "चला, दाजी. माझ्या हमरस्त्यावर."

तो हाताने पेडल फिरवत निघाला, हळू, आणि मामा शेजारून फूटपाथवर. मामांचे ओठ हलत होते ते मेहुण्याला आरशात दिसत होतं, म्हणून तोही गप्प. पहिली फट गेली, दुसरी गेली, बसस्टॉप गेला. डावा पाय आपल्या हिशेबाने पडत होता, उजवा आपल्या. मग दगडांची रांग तुटली, मोकळा रस्ता आला, आणि समोर उताराच्या तोंडाशी बंद काचेचा छोटा गाळा. मेहुण्याने हँडल वळवलं. तीनचाकी फटीतून बाहेर आली, कुठेही न घासता, आणि उतारावरून थेट दारात जाऊन थांबली.

त्याने कुलूप काढलं नाही. आधी मागे वळून पाहिलं. मामा फटीच्या मधोमध उभे होते, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत, पुलाकडे बघत.

"कितीला आलं?" मेहुण्याने विचारलं.

"पाचशे तेरा," मामा म्हणाले. "पूर्वी चारशे शहाण्णवात काम संपायचं. आता सतरा पावलं जास्तीची चालायला मिळतात."